शुभवर्तमान एक की अनेक?

मराठी बायबलातील नवा करार उघडला म्हणजे पहिल्याच पानावर 'मत्तयकृत शुभवर्तमान' हे नाव दिसते. पुढे मार्ककृत, लूककृत, योहानकृत अशी आणखी तीन. वाचकाची साहजिकच समजूत होते की, शुभवर्तमाने चार असून ती चौघांनी रचिली. परंतु मूळ ग्रीक मथळ्याचा अर्थ 'मत्तयाला अनुसरून' असा आहे. म्हणजे शुभवर्तमान एक, सांगणारे चार. 'कृत' या शब्दाने ही खूण मराठीत पुसली गेली. तथापि एका शब्दाची दुरुस्ती केल्याने मूळ प्रश्न मिटत नाही. या चौघांनी, आणि त्यांच्याही आधी पत्रे लिहिणाऱ्या पौलाने, खरोखर एकच गोष्ट सांगितली आहे काय? आम्ही हा प्रश्न श्रद्धेचा म्हणून नव्हे, ग्रंथाच्या अर्थाचा म्हणून येथे घेतला आहे.

'शुभवर्तमान' ज्या ग्रीक शब्दाचे भाषांतर आहे, तो शब्द ख्रिस्ती लोकांनी घडविलेला नव्हे. आशिया मायनरमधील प्रिएने येथे इ. स. पूर्व ९ मधला एक शिलालेख सापडला आहे. सम्राट ऑगस्टसच्या जन्मदिवसापासून वर्षारंभ धरावा, कारण त्याच्या जन्माने जगासाठी शुभवार्तांचा आरंभ झाला, असा त्याचा आशय. म्हणजे हा दवंडीचा, राज्यकर्त्याच्या घोषणेचा शब्द. शिलालेखात तो अनेकवचनी आहे. नव्या करारात मात्र तो सर्वत्र एकवचनीच येतो. राजांच्या वार्ता पुष्कळ असतात, ही एकच आहे, असे त्या मंडळींना म्हणावयाचे असावे.

मग एका वार्तेला चार ग्रंथ कशाला, ही अडचण दुसऱ्या शतकातच लोकांना जाणवली होती. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीतून बाहेर पडलेल्या मार्सियनने लूकचा तेवढा ग्रंथ, तोही काटछाट करून, ठेवला आणि त्याला पौलाची दहा पत्रे जोडली. टेशनने १७० च्या आसपास उलट मार्ग धरला. त्याने चारही ग्रंथांचे धागे उकलून एकच सलग कथा विणली. सिरियाकडील मंडळ्यांत ती पुढे कित्येक पिढ्या वाचली जात होती. पाचव्या शतकात सायरसचा बिशप थिओडोरेट याने तिच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून दूर केल्या व त्यांच्या जागी चार निरनिराळे ग्रंथ दिले. सलग कथेचा हा मोह आपल्या ओळखीचा आहे. फादर स्टीफन्स यांचे गोव्यात १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण त्याच वाटेने जाते, आणि ओवीला ते शोभतेही. पण मूळ ग्रंथांच्या बाबतीत ख्रिस्ती मंडळीने एकीकरण नाकारले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मार्कच्या कथेत क्रुसावरचा येशू देवाने आपणास सोडले म्हणून आक्रोश करतो. लूकच्या कथेत तो शांतपणे आपला आत्मा देवाच्या हाती सोपवितो. दोन्ही ठेवले गेले. एकाने दुसऱ्याला गिळू दिले नाही.

ही सांगणाऱ्यांतली भिन्नता झाली. खरी कठीण जागा पुढे आहे. मार्कच्या आरंभी येशू स्वतः शुभवर्तमान सांगतो. देवाचे राज्य जवळ आले आहे, पश्चात्ताप करा, हा त्याचा आशय. त्यात क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. पौल करिंथकरांस लिहितो तेव्हा शुभवर्तमान म्हणून काय देतो? ख्रिस्त आमच्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठविला गेला आणि अनेकांना दिसला. त्यात राज्याचा उल्लेख नाही. एकात घोषणा करणारा येशू. दुसऱ्यात घोषणेचा विषयच येशू. हा फरक नाहीच असे म्हणणारा टीकाकार ग्रंथ डोळे मिटून वाचतो, असे आम्हांस वाटते.

म्हणून काहींनी सरळ वाटणी केली. अमेरिकेत १९०९ साली स्कोफील्डचे टीपांसह बायबल निघाले. त्यातील एका टीपेत शुभवर्तमानाचे चार प्रकार वेगळे काढले आहेत. राज्याचे एक, कृपेचे दुसरे, आणि आणखी दोन. राज्याचे इस्राएलासाठी, कृपेचे सध्याच्या काळासाठी, अशी साधारण मांडणी. नीटनेटकी आहे, पण ग्रंथ तिला साथ देत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पौल इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना आपले काम देवाच्या कृपेच्या शुभवर्तमानाची साक्ष देणे हे आहे असे सांगतो, आणि लगेच पुढच्या वाक्यात, मी तुमच्यामध्ये राज्याची घोषणा करीत फिरलो, असेही म्हणतो. हा लेखकाचा हात म्हणावा, तर पौलाच्या स्वतःच्या पत्रांतही राज्य आहेच. रोमकरांस तो लिहितो की, देवाचे राज्य खाण्यापिण्यात नसून नीती, शांती आणि आनंद यांत आहे.

खाण्यापिण्याचा हा उल्लेख सहज आलेला नव्हे. 'दुसरे शुभवर्तमान' हा आरोप पौलाने जेथे केला, तेथे वादाचे मूळ ताटात होते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो संतापून म्हणतो की, तुम्ही दुसऱ्या शुभवर्तमानाकडे वळलात, आणि दुसरे असे काही नाहीच. त्याच पत्रात थोडे पुढे मात्र सुंता न झालेल्यांचे शुभवर्तमान आपल्याकडे व सुंता झालेल्यांचे पेत्राकडे सोपविले गेले, असेही तो लिहितो. मग दोन झाली की नाही? संदर्भ पाहिला म्हणजे उलगडा होतो. यरुशलेमेत याकोब, पेत्र व योहान यांनी पौलाशी हातात हात दिला, आणि गरिबांची आठवण ठेवावी एवढीच मागणी केली. वाटणी श्रोत्यांची झाली, संदेशाची नव्हे.

पण अंत्युखियास हा समझोता पंगतीत बसला आणि तडकला. पेत्र तेथे यहूदी नसलेल्या बांधवांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसे आली, तसा तो भिऊन बाजूला झाला. त्याच्या मागोमाग इतर यहूदी उठले, बर्णबासुद्धा. पौलाने सर्वांदेखत त्याला जाब विचारला. शुभवर्तमानाच्या सत्याला धरून हे वागणे नाही, हा त्याचा आरोप. पेत्राने मुखाने काहीही वेगळे शिकविले नव्हते; तो केवळ उठून गेला. पौलाच्या मते तेवढ्याने दुसरे शुभवर्तमान उपदेशिले गेले. पंक्तिभेद ज्या समाजाने पाहिला आहे, त्याला याचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. पेत्राचे उत्तर पत्रात नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. आपल्यापुढे एकाच पक्षाची कैफियत आहे.

याच भांडणावर ट्यूबिंगेनच्या बाउरने एकोणिसाव्या शतकात पेत्रपंथ विरुद्ध पौलपंथ असा सबंध इतिहास उभारला. इमारत पायापेक्षा मोठी झाली. ज्या करिंथकरांच्या पत्रात पौल शुभवर्तमानाचा गाभा सांगतो, तेथेच तो पेत्राचे नाव घेऊन म्हणतो की, मी असो वा ते असोत, आम्ही हेच सांगतो. याकोबाच्या पत्राचे काय, असे कोणी विचारील. अब्राहामाविषयीचे एकच वचन घेऊन पौल विश्वास सिद्ध करतो व याकोब कृत्ये. लूथरने १५२२ त त्या पत्राला गवताचे म्हटले, तरी बायबलातून ते काढले नाही.

अंत्युखियाचा प्रश्न आपल्या देशातही उभा राहिला. तंजावरच्या प्रॉटेस्टंट मंडळीत वरच्या जातीचे व खालच्या जातीचे ख्रिस्ती देवळात वेगळे बसत. मराठा राजे सरफोजी यांच्या पदरी असलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री यांनी या प्रथेची बाजू घेतली. त्या पक्षाचे म्हणणे असे की, जात हा लौकिक आचार आहे, शुभवर्तमानाशी त्याचा संबंध नाही. विश्वास तर सर्वांचा एकच आहे. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली मिशनऱ्यांना पत्र लिहून जातिभेद मंडळीतून तत्काळ व कायमचा काढावा असे बजावले. ते पत्र मद्रास व तंजावर येथील मंडळ्यांतून वाचले गेले, तेव्हा वरच्या जातींतील पुष्कळ माणसे उठून बाहेर गेली.