डॅरिक

प्राचीन इराणच्या ॲकिमेनिडी साम्राज्यातील सोन्याचे नाणे. पहिला डरायस (कार. इ. स. पू. ५२२–४८६) याने ते प्रचारात आणले व बहुधा त्याच्याच नावावरून ग्रीकांनी त्यास हे नाव दिले. त्याचे वजन सु. ८·४ ग्रॅ. असून सोने ९५ टक्क्यांहून अधिक शुद्ध असे. एका डॅरिकची किंमत सिग्लॉस नावाच्या २० रौप्यनाण्यांइतकी होती. झेनोफनच्या वृत्तांतानुसार धाकट्या सायरसच्या भाडोत्री ग्रीक सैनिकांचे मासिक वेतन प्रथम एक डॅरिक होते.

नाण्याच्या दर्शनी बाजूवर मुकुटधारी धनुर्धर राजा गुडघे वाकवून धावताना दाखविलेला असतो. त्याच्या हाती धनुष्याबरोबर भाला किंवा कट्यार असते. मागील बाजूवर ठशाचा लांबट खळगा असतो. राजाचे नाव, टाकसाळ वा वर्ष यांचा उल्लेख नसल्यामुळे कालनिर्णयास प्राप्तिस्थानाचाच मुख्य आधार असतो. पर्सेपलिस येथे अपादान या सभागृहाच्या पायात १९३३ साली डरायसचे कोरीव लेख असलेल्या दगडी पेट्या सापडल्या. त्यांच्याखाली लिडियाचा राजा क्रीसस याच्या धाटणीची सुवर्णनाणी होती. डॅरिक मात्र एकही नव्हते. त्यावरून पायाभरणीच्या वेळी डॅरिक पाडण्यास प्रारंभ झाला नसावा, असे अनुमान करण्यात आले.

अलेक्झांडरने इराण जिंकल्यावर हाती आलेली पुष्कळ डॅरिक नाणी वितळविण्यात आली. त्यामुळे उरलेल्या नाण्यांना संग्राहकांकडून मोठी मागणी असते व बनावट नाणीही आढळतात. शुद्ध सोन्यावर गंजाचे पुट चढत नसल्याने केवळ चकाकीवरून जुने-नवे ओळखता येत नाही. वजन व विशिष्ट गुरुत्व पडताळतात. साच्यात ओतलेल्या नाण्यावरील बारीक छिद्रे व कडेची सांधरेषा भिंगातून पाहतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने धातूचे घटकही तपासतात.

तथापि अस्सल नाणेही चोरट्या उत्खननातून आलेले असल्यास त्याचे ऐतिहासिक मूल्य बरेचसे नष्ट होते. याउलट, पश्चिम तुर्कस्तानातील नोशन येथे २०२३ मध्ये पुरातत्त्वज्ञांना एका घराखाली लहान मडक्यात डॅरिक नाण्यांचा निधी मिळाला. सोबतच्या अवशेषांवरून त्याचा काळ ठरविता येत असल्याने इतर डॅरिक नाण्यांचा कालक्रम लावण्यास तो उपयुक्त आहे. म्हणून अशी नाणी स्वीकारताना प्राप्तिस्थान व पूर्वीच्या मालकीची कागदपत्रे पाहणे आवश्यक ठरते. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्ध युनेस्कोने १९७० मध्ये केलेल्या कराराचाही हाच हेतू आहे.