न घेतलेल्या कर्जाची वसुली

व्यापारी घरात पत ही भांडवलाहून मोठी मानली जाते. भांडवल बुडाले तर पुन्हा उभे करता येते. पत गेली की पेढीची पायरी कोणी चढत नाही. म्हणूनच वसुली एजंटाचा फोन येताच हिशोब पाहण्याआधी मन शरमते, आणि त्या शरमेचाच फायदा घेतला जातो.

प्रकार साधारणतः असा घडतो. काही वर्षांपूर्वी क्रेडिट कार्डावर कोणा भामट्याने खरेदी केलेली असते. ग्राहकाने बँकेला कळवले, कार्ड बंद झाले, आणि प्रकरण मिटले असे घरच्यांनी गृहीत धरले. बँकेच्या खात्यात मात्र ती रक्कम नावे राहिली. तिच्यावर व्याज व दंड चढत गेला. पुढे वसुलीचे काम एजंटाकडे जाते आणि फोन सुरू होतात. ‘थोडे तरी भरा, बाकीचे माफ करून घेऊ,’ असे सुचवले जाते. दुकानात गिऱ्हाईक उभे असते. ‘जाऊ दे, देऊन टाकू’ हे शब्द ओठांवर येतात.

येथेच थांबावे. मुदत कायदा, १९६३ नुसार अशा येण्यासाठी दावा लावण्याची मुदत सामान्यतः ३ वर्षे असते. ती संपण्यापूर्वी चेकने काही रक्कम भरली किंवा सही करून देणे मान्य केले, तर ३ वर्षे नव्याने मोजली जातात. मुदत उलटल्यावरही ‘देईन’ असे सहीनिशी लिहून दिल्यास ते वचन बंधनकारक ठरू शकते. शिवाय तडजोडीनंतर पत-अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. उद्या धंद्यासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो.

मुळात हे देणे कोणाचे? रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक व ग्राहक दोघांचीही चूक नसताना तिऱ्हाइताने केलेला व्यवहार ३ कामकाजाच्या दिवसांत कळवला असेल, तर ग्राहकावर काहीही देणे राहत नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे व त्यानंतरचे बँकेचे. २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांप्रमाणे, फसवणुकीची तक्रार असलेल्या व्यवहारावर तिचा निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही.

म्हणून फोनवर काहीही कबूल करू नये. एजंटाचे नाव, संस्था आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. व्यवहाराची तारीख, मूळ रक्कम व व्याजाचा तपशील लेखी मागावा. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास पत्र धाडावे. जुना तक्रार क्रमांक, ईमेल आणि पोलिसांकडील तक्रारीची प्रत सोबत जोडावी. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, पण मुदतीचे बंधन आहे, तेव्हा दिरंगाई नको. पत-अहवालातील चुकीच्या नोंदीवरही लेखी हरकत घ्यावी. न्यायालयाचे समन्स आले तर मात्र ते कधीही दुर्लक्षू नये. वकिलामार्फत हजर राहावे.

एजंटाने सकाळी ८ पूर्वी वा सायंकाळी ७ नंतर फोन करू नये, धमकावू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. असा फोन आल्यास तारीख व वेळ वहीत टिपून ठेवावी. तक्रारीत तीच नोंद कामी येते.

घरातील वडीलधाऱ्यांना आणि दुकानावर बसणाऱ्या मुलांनाही हे सांगून ठेवावे, कारण एजंटाचा फोन कोणीही उचलू शकते. हुंडी आली की आपले वाडवडील आधी सही आणि मजकूर पडताळत, मगच ती सकारत. खरे देणे वेळेवर फेडावे, यात दुमत नाही. पण फोनवरून आलेल्या मागणीलाही तीच जुनी कसोटी लावावी.