चोशीचा थांबा : समुद्र सोडून नदीत शिरताना

चोशी म्हटले की इथल्या मराठी मंडळींना सोया सॉसचे कारखाने, मासळीबाजार आणि फार तर इनुबोसाकीचे दीपगृह आठवते. पण एदो काळात (1603-1868) या गावाला महत्त्व होते ते वेगळ्याच कारणाने. ईशान्य जपानचा तांदूळ घेऊन आलेली शिडाची जहाजे इथे थांबत आणि त्यांचा माल इथून तोने नदीने वर चढत एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला जाई.

नकाशा उघडून पाहिला तर हा प्रकार द्राविडी प्राणायामच वाटतो. जहाज समुद्रातूनच दक्षिणेला जाऊन, बोसो द्वीपकल्पाला वळसा घालून एदोच्या उपसागरात का शिरत नसे? अडचण वाऱ्याची आणि प्रवाहाची. बोसोजवळ कुरोशिओ प्रवाह ईशान्येकडे वाहतो आणि हिवाळ्यात वारा पश्चिमेचा. तेव्हाच्या जपानी मालवाहू जहाजाला एकच मोठे चौकोनी शीड. वाऱ्याच्या विरुद्ध जाणे त्याला फार जड. एकदा का ते प्रशांत महासागरात भरकटले, की तांदूळ आणि खलाशी दोन्ही गेले असे समजायचे.

म्हणून चोशी. अर्थात तिथेही सुख नव्हते. नदीचा लोंढा आणि समुद्राच्या लाटा जिथे भिडतात ते मुख खलाशांच्या दृष्टीने कुप्रसिद्धच होते. आत शिरले की माल उतरवायचा आणि ‘ताकासेबुने’ या नदीतल्या नावांत भरायचा. लांबट, सपाट तळाच्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या या नावा. वारा असला तर शीड, नसला तर बांबूने रेटणे, तेही जमले नाही तर काठावरून दोराने ओढणे.

आपल्या कोकणात दाभोळहून वाशिष्ठीतून गोवळकोटला जाणारी गलबते भरतीची वाट पाहत. बरेचसे काम समुद्रच करून देई. तोनेत ही सोय थोड्या अंतरापुरतीच. सेकियादोपर्यंत सुमारे 120 किलोमीटर प्रवाहाविरुद्ध चढायचे, तिथून एदोगावा नदीने साधारण 60 किलोमीटर खाली उतरायचे आणि मग कालव्यांतून शहरात. हिवाळ्यात वायव्येचा कोरडा वारा अगदी तोंडावर. तांदूळ थांबू शकतो, पण एदोतले पोट थांबत नाही. अठराव्या शतकात ते सुमारे दहा लाख वस्तीचे शहर होते.

गंमत म्हणजे ही वाट निसर्गाने दिलेली नव्हतीच. तोने पूर्वी एदोच्या उपसागराला मिळत असे. 1594 पासून टप्प्याटप्प्याने बांध घालून आणि नवे पात्र खोदून 1654 मध्ये तिचे पाणी पूर्वेला, चोशीकडे वळवले गेले.

1671 मध्ये कावामुरा झुइकेन या व्यापाऱ्याने सरकारी तांदळासाठी सरळ समुद्रमार्ग आखून दिला. जहाजाने बोसोच्या पुढे इझूतल्या शिमोदापर्यंत जायचे, तिथे नैर्ऋत्येच्या वाऱ्याची वाट पाहायची आणि मग मागे फिरून उपसागरात शिरायचे. तरीही चोशी ओस पडले नाही. माझ्या मते हा केवळ सवयीचा भाग नव्हता. नदीत आठवडा वाया जातो. समुद्रात सगळेच जाऊ शकते. सरासरी वेळ पाहणारा एक मार्ग निवडेल, बुडण्याचा धोका पाहणारा दुसरा. आम्हा संगणकवाल्यांना हा वाद रोजचाच.

नदीमार्गाला खरा धक्का बसला तो 1783 मध्ये. आसामा ज्वालामुखीच्या राखेने तोनेचे पात्र उथळ झाले आणि सेकियादोच्या अलीकडे भरलेल्या नावा रुतू लागल्या. माल छोट्या होड्यांत वाटून पुढे न्यावा लागे. ताज्या मासळीला एवढा धीर कुठला? ती संध्याकाळी चोशीहून निघे, पहाटे फुसाला उतरे, तिथून घोड्यांवर सुमारे 30 किलोमीटर मात्सुदोला आणि पुन्हा होडीने निहोनबाशीच्या बाजारात.

हाच वळसा टाळण्यासाठी डच अभियंता मुल्डर याच्या आराखड्यानुसार तोने आणि एदोगावा यांना जोडणारा साडेआठ किलोमीटरचा कालवा 1890 मध्ये सुरू झाला. पण 1897 मध्ये चोशीला रेल्वे पोचली आणि नावांचे दिवस भरले.

या वाटेची खूण पाहायची असेल तर नारिता लाइनने सावाराला जावे. ओनो नदीच्या काठी माल चढवण्या-उतरवण्याच्या दगडी पायऱ्या आहेत. शेजारीच इनो तादाताका यांचे घर आहे. सावारातला व्यवसाय मुलाकडे सोपवून, 1800 मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी ते जपानचा किनारा मोजायला निघाले.