शाळेचा रंगमंच आणि त्याचे दिवे

शाळेच्या सभागृहातील रंगमंचाचे दिवे वर्षातून मोजक्याच दिवशी पूर्ण तेजाने लागतात. वार्षिक स्नेहसंमेलन, पारितोषिक वितरण, एखादी आंतरशालेय नाट्यस्पर्धा, एवढेच त्यांचे काम. उरलेला काळ ते छताखालच्या नळ्यांवर धूळ खात लटकत असतात, आणि म्हणूनच त्यांचे वय कोणाच्या ध्यानात येत नाही. वर्गातील पंखा बिघडला तर दुसऱ्याच दिवशी तक्रार होते. पण उंचावरच्या दिव्याची तार उष्णतेने कडक होऊन तडकली, तर ती कोणाला दिसत नाही. सभागृह मुलांनी आणि पालकांनी खच्चून भरते, त्याच संध्याकाळी या तारेवर वर्षातील सर्वांत मोठा भार पडतो.

ही केवळ कल्पना नव्हे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील मंडी डबवाली येथे एका शाळेचा वार्षिक समारंभ मंडपात चालू असताना आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. विजेच्या दोषातून उद्भवलेली ज्वाला कृत्रिम धाग्याच्या कापडावर पाहता पाहता पसरली. महाराष्ट्रात ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात आग लागून रंगमंच व प्रेक्षागृह जळाले. सुदैवाने त्या वेळी आत प्रयोग नव्हता. पडदे, लाकडी फळ्या, रंगवलेले देखावे आणि तापलेले दिवे जेथे एकत्र येतात, तेथे सौंदर्याचा विचार सुरक्षिततेनंतरच येतो.

त्याच हरियाणात, दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्राम शहराचे, म्हणजे २०१६ पर्यंतच्या गुडगावचे, उदाहरण घेऊ. १९८० नंतर हे शहर झपाट्याने वाढले आणि त्याबरोबर मोठ्या सभागृहांच्या शाळाही उभ्या राहिल्या. तेथील एखाद्या शाळेत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बसवलेले, प्रत्येकी १००० वॉटचे २४ हॅलोजन दिवे आहेत असे समजू. २३० व्होल्ट दाबावर असा प्रत्येक दिवा सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेतो. सर्व दिवे लागले की एकूण भार २४ किलोवॉट होतो. तीन फेजांवर तो सारखा वाटला तरी प्रत्येक फेजमधून जवळजवळ ३५ अँपिअर प्रवाह वाहतो. या ऊर्जेचा अगदी थोडा भाग दृश्य प्रकाशात जातो. बाकीची बहुतेक सारी उष्णताच असते, आणि ती बाहेर काढण्यासाठी सुमारे सात टन क्षमतेची वातानुकूलन यंत्रणा लागते.

आता हे दिवे मंद कसे होतात ते पाहू, कारण जुन्या व्यवस्थेतील निम्मे दोष तेथेच दडलेले असतात. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहाने १८८१ मध्ये रंगमंचावर विजेचे दिवे आणले, तेव्हापासून तेज कमी-जास्त करण्याचा प्रश्न तंत्रज्ञांपुढे होता. आरंभी प्रवाहाच्या मार्गात रोधक घालीत. दिवा मंद होई, पण वाचलेली वीज रोधकातच उष्णता होऊन जाई. १९५७ मध्ये थायरिस्टर हा अर्धवाहक घटक तयार झाला आणि पुढे डिमर त्याच्यावर चालू लागले. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे १०० अर्धआवर्तनांची असते. थायरिस्टर प्रत्येक अर्धआवर्तनाचा काही भाग कापून उरलेला भाग दिव्याकडे जाऊ देतो. जितका भाग अधिक कापावा, तितका दिवा मंद.

या कापाकापीची किंमत मात्र न्यूट्रल तारेला मोजावी लागते. तिन्ही फेजांवरील भार सारखा असेल, तर एरवी न्यूट्रलमधील प्रवाह परस्परांना छेदून जवळजवळ शून्य होतात. कापलेल्या तरंगांच्या बाबतीत तसे घडत नाही. त्यांतील काही घटक न्यूट्रलमध्ये एकमेकांत मिळत जातात, आणि तेथील प्रवाह फेजमधील प्रवाहापेक्षाही अधिक होऊ शकतो. जुन्या जोडणीत न्यूट्रलची तार पुष्कळदा फेजच्या तारेहून बारीक घातलेली असते. ती तापते, तिचा सांधा सैल होतो. तो सांधा तुटला तर काही दिव्यांवर २३० व्होल्टऐवजी त्याहून कितीतरी अधिक दाब येऊ शकतो. म्हणून नूतनीकरणाचा पहिला प्रश्न ‘कोणते दिवे घ्यावेत?’ हा नसून ‘भिंतीमागे काय आहे?’ हा असला पाहिजे.

ही तपासणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. मुख्य पुरवठा तोडून, स्विचला कुलूप लावून, तारांच्या आवरणाचा विद्युतरोध मेगरने मोजावा. तो एक मेगोहमहून कमी आढळला, तर ती तार वापरातून काढावी. भूसंपर्क प्रत्येक दिव्याच्या धातूच्या कवचापर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहावे. ज्या मंडलांना माणसाचा हात लागण्याचा संभव आहे, त्यांवर ३० मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणारे साधन बसवावे. फार जुन्या दिव्यांच्या तारांवर पांढऱ्या, तंतुमय आवरणाची नळी दिसल्यास ती खरवडू नये. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. असा दिवा दुरुस्त करीत न बसता रीतसर निकालात काढावा. शेवटी, प्रत्येक दिव्याला मुख्य पकडीशिवाय दुसरी पोलादी साखळी किंवा दोर हवाच. पकड निसटली तर खाली उभ्या असलेल्या मुलाचे रक्षण ती साखळीच करते.

एवढे झाल्यावर नव्या दिव्यांकडे वळावे. एलईडी दिवा साधारणपणे १५० ते २०० वॉटमध्ये जुन्या दिव्याचे बरेचसे काम करतो. २४ दिव्यांचा भार २४ किलोवॉटवरून पाच किलोवॉटच्या आत येतो. गुरुग्रामसारख्या ठिकाणी याला आणखी एक अर्थ आहे. स्नेहसंमेलने बहुधा हिवाळ्यात होतात, आणि त्याच दिवसांत दिल्ली परिसरातील हवा बिघडली की डिझेल जनित्रांवर निर्बंध येतात. वीज गेल्यास पाच किलोवॉटचा भार बॅटरीवर काही काळ पेलता येईल; चोवीस किलोवॉटचा पेलणे फार खर्चाचे.

तथापि एलईडी म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. स्वस्त दिव्यांत तांबड्या प्रकाशाचा अंश अपुरा असल्यामुळे मुलांचे चेहरे निस्तेज दिसतात. अगदी मंद केल्यावर काही दिवे झटके देत विझतात आणि चित्रीकरणात लुकलुकतात. उत्तर भारतातील धूळ त्यांच्या पंख्यांत साचते. म्हणून खरेदीपूर्वी नमुन्याचे दिवे मागवून, सभागृहातच, माणसाच्या चेहऱ्यावर आणि कॅमेऱ्यासमोर पाहावेत. सर्वांत नेहमीची चूक आणखी वेगळी आहे: नवा दिवा जुन्या डिमरच्याच जोडणीत खुपसला जातो. रंगमंचावरील एलईडी दिव्याला कापलेला नव्हे, तर अखंड २३० व्होल्टचा पुरवठा हवा असतो. डिमरवर त्याची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते.

त्याचे तेज ठरते ते दुसऱ्या एका तारेतून येणाऱ्या संदेशांनी. या संदेशपद्धतीला डीएमएक्स-५१२ म्हणतात. अमेरिकेतील रंगभूमी-तंत्रज्ञांच्या संस्थेने ती १९८६ मध्ये ठरवून दिली. एका तारेवर ५१२ स्वतंत्र मूल्ये पाठवता येतात आणि प्रत्येक मूल्य ० ते २५५ यांपैकी एक असते. ही तार एका दिव्यातून दुसऱ्यात अशी माळेसारखी न्यावी लागते. वाटेत फांद्या फोडून चालत नाही. एका माळेत ३२ हून अधिक उपकरणे नसावीत, आणि शेवटच्या दिव्यावर १२० ओहमचा रोध लावावा. त्याच्याअभावी संदेश टोकावरून परावर्तित होतात आणि दिवे आपोआप चमकू लागतात. ध्वनिक्षेपकाची साधी तार येथे वापरणेही अयोग्य.

एकदम सर्व खर्च झेपत नसेल, तर टप्पे पाडावेत. पहिल्या वर्षी तारा, वितरणफलक, भूसंपर्क आणि सुरक्षासाखळ्या. दुसऱ्या वर्षी एक लहान नियंत्रणफलक आणि समोरून चेहरे उजळणारे दिवे. तिसऱ्या वर्षी पार्श्वपडद्याचे रंगीत दिवे. मधल्या काळात संमेलनासाठी दिवे भाड्याने घेता येतात. फार दिवे लागतात, हाही एक समज आहे. येल विद्यापीठातील स्टॅन्ली मॅकँडलेस यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात सुचवलेली रीत आजही शाळांना पुरेशी आहे. रंगमंचाचे सहा भाग कल्पावेत आणि प्रत्येकावर समोरून, डावीकडून व उजवीकडून तिरपा असा एकेक दिवा टाकावा. एक किंचित उबदार, दुसरा किंचित थंड रंगाचा. बारा दिव्यांत चेहरे स्पष्ट दिसतात आणि त्यांना उठावही येतो.

कमी साधनांतून किती साधते, याचा दाखला याच परिसरात आहे. भारतीय रंगभूमीचे थोर प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी दिल्लीत, शाळकरी वयातच, नाटकांसाठी दिवे लावण्यास आरंभ केला. पुढे कलकत्त्यात १९५९ मध्ये उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ या नाटकात त्यांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारे पाणी प्रकाशाच्या साहाय्याने रंगमंचावर उभे केले. तेव्हा आजचे एलईडी दिवे किंवा डीएमएक्स नव्हते.

म्हणून नूतनीकरण झाल्यावर नियंत्रणफलक कुलूपबंद खोलीत ठेवून देऊ नये. शिडीवर चढणे आणि विजेच्या जोडणीला हात लावणे हे प्रौढ जाणकारांचेच काम. परंतु कोणत्या प्रसंगी कोणता दिवा किती लावायचा, हे ठरवण्याचे काम मुलांना द्यावे. दिव्यांची नोंदवही ठेवावी आणि दरवर्षी संमेलनाच्या महिनाभर आधी तपासणीची तारीख तीत लिहावी. सभागृह भरेल त्या संध्याकाळी बटन दाबणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात फक्त नाटकाचा विचार असावा. तारांची काळजी त्याच्या वतीने मोठ्यांनी आधीच वाहिलेली असली पाहिजे.