आंबा दोन महिन्यांचा, ओळख बारा महिन्यांची



मार्च लागला की कोकणात घरोघरच्या मोबाईलवरून हापूसची चित्रे निघू लागतात. रचलेल्या पेट्या, वर फळांची रास, खाली भाव आणि फोन नंबर. जूनचा पहिला पाऊस पडला की सारे थंड. मग नऊ-दहा महिने त्या नंबरावरून ना चित्र, ना शब्द. पुढल्या मार्चात पुन्हा भाव टाकायचा आणि ओटीवर बसून म्हणायचे की, थेट गिऱ्हाईक काही टिकत नाही.

टिकावे तरी कसे? मुंबई-पुण्याच्या माणसाला त्याच आठवड्यात असे वीस निरोप येतात. प्रत्येकावर 'अस्सल देवगड' नाहीतर 'अस्सल रत्नागिरी' लिहिलेले असते. त्यातल्या काही पेट्यांत कर्नाटकातला आंबा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे आणि आता त्यालाही ठाऊक झाले आहे. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. ते चांगलेच झाले आणि ज्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून अजून नोंदणी केली नसेल त्यांनी ती करावी. पण मोबाईलच्या चित्रात दोन आंबे शेजारी ठेवले तर कोणता कुठला, हे मानांकन सांगत नाही. तुमच्या बागेचे वेगळेपण दिसते ते झाडावर फळ नसताना. ज्याने ऑक्टोबरात पालवी दाखवली, डिसेंबरात मोहोर दाखवला, त्याच्या एप्रिलच्या पेटीवर शंका घ्यायला जागा राहत नाही. लबाडी करणाऱ्याकडे मोहोर नसतो. त्याच्याकडे फक्त पेटी असते.

आता कोणी म्हणेल, हा सगळा शहरी उद्योग, आम्हाला बागेची कामे आवरत नाहीत. म्हणून आधी हिशेब पाहू. समजा तुमच्याकडचा तीनशे डझन आंबा थेट विकायचा आहे. एका घराने दोन डझन घेतला तर तुम्हाला दीडशे घरे हवीत. दहा हजार माणसांनी तुमचे चित्र पाहून अंगठा दाखवला काय, न दाखवला काय! तेव्हा नाचगाण्याच्या चित्रफिती करून लोक गोळा करण्याच्या मागे लागू नका. दीडशे घरांना वर्षभर तुमची आठवण राहील एवढेच काम आहे. पावसाळ्यात आठवड्याला एकदा, मोहोर आल्यापासून दोनदा आणि हंगामात रोज एक ओळ, इतके पुष्कळ झाले. उरलेला माल बाजारात जाणारच. दलालाशी वैर धरावे असे मी म्हणत नाही. पण पट्टीतून अडत, हमाली, वाहतूक वजा होऊन हाती काय उरते हे प्रत्येकाने स्वतःच्या वहीत पाहावे. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत टाळेबंदीत बाजाराची घडी विस्कटली, तेव्हा कितीतरी बागायतदारांनी शहरातल्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवल्या. त्यांपैकी ज्यांनी नंतरही बोलणे चालू ठेवले त्यांची गिऱ्हाइके राहिली. बाकीच्यांची गेली.

आपल्या कामाचे वर्ष जूनपासून धरावे. पहिले काम चित्राचे नाही, वहीचे आहे. कोणी किती डझन घेतले, कोणत्या तारखेला पोचले, कोणाची काय तक्रार आली, हे पाऊस लागताच लिहून काढावे. मग प्रत्येकाला एक निरोप पाठवून आंबा कसा लागला ते विचारावे आणि आपला नंबर नावासकट साठवून ठेवायला सांगावे. हे फार महत्त्वाचे. व्हॉट्सॲपवर यादी करून सर्वांना एकदम निरोप धाडता येतो, पण ज्याने तुमचा नंबर साठवलेला नाही त्याला तो पोचतच नाही. स्टेटसला लावलेले चित्रही चोवीस तासांत निघून जाते, म्हणून जपून ठेवायचे ते इन्स्टाग्रामवर किंवा फेसबुकवर ठेवावे. सगळीकडे नाव एकच असावे.

सिंधुदुर्गातल्या एका बागेत मी हे सांगत होतो, तेव्हा घरातल्या वहिनींनी मध्येच विचारले, "साहेबानू, आंबो संपलो. आता काय दाखवूचा?" प्रश्न रास्त होता. मी त्यांनाच विचारले की, आज सकाळपासून काय काय केलेत? त्यांनी सांगितले ते असे: मेमध्ये वाळवलेली कोकमे पुन्हा पाहिली, आंबापोळीचे तुकडे करून भरले, काजूगर निवडले, दुपारी गडी झाडांभोवती चर काढून खत घालत होते त्यांना चहा नेला. चार आठवड्यांचा मजकूर एका दिवसात निघाला. शहरातल्या बाईला आमसूल विकत मिळते, पण ते रातांब्याच्या सालीला रसाची पुटे देऊन वाळवतात हे तिने पाहिलेले नसते. तिला ते दाखवावे आणि खाली पाव किलोचा भाव लिहावा. फक्त खाण्याच्या पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक हवा. ती नोंदणी आधी करून घ्यावी.

श्रावण-भाद्रपदात फार काही रचावे लागत नाही. गणपतीला चाकरमानी गावी येतात. तुमचे अर्धे गिऱ्हाईक किंवा त्याचा शेजारी त्या दिवसांत तुमच्या पाच-दहा मैलांच्या आत असतो. त्याला बागेत बोलवावे. ज्याने झाड पाहिले तो सहसा पेटी बदलत नाही.

खरी गंमत पाऊस सरल्यावर सुरू होते. सुकलेल्या फांद्या आणि बांडगूळ काढणे हे आपले नेहमीचे काम, पण बांडगूळ म्हणजे काय हे दाखवले तर लोक चकित होतात. झाडावर दुसरेच झाड फुकट जेवते आहे, हे कोणालाही समजते. मग तांबूस पालवी येते. थंडी पडली की मोहोर. हे दोन महिने माझ्या मते वर्षातले सर्वांत मोलाचे, आणि नेमके तेच आपण वाया घालवतो. एकच झाड ठरवावे, त्याला घरातले नाव असेल तर ते सांगावे, आणि दर रविवारी त्याच जागी उभे राहून त्याच फांदीचे चित्र घ्यावे. मोहोर फुलतो, फळ मोहरीएवढे, वाटाण्याएवढे, मग गोटीएवढे होते. एका तुऱ्यात शेकडो फुले आणि शेवटी हाती लागतात एक-दोन फळे, कधी तेही नाही. ज्याने ही गळ डोळ्यांनी पाहिली तो एप्रिलात डझनाच्या भावावर फारशी घासाघीस करीत नाही. आणि हे चित्र काढायला दोन मिनिटे लागतात.

आता नाजूक गोष्ट. तुडतुडा आला, मोहोरावर खार पडून काजळी धरली, अवकाळी पाऊस आला, तर सांगावे की लपवावे? बहुतेक जण लपवतात आणि मार्चअखेरीस एकदम भाव चढवतात. तेव्हा गिऱ्हाइकाला वाटते, याने नाडले. त्याऐवजी जानेवारीतच सांगावे: 'पहिला मोहोर पावसाने गेला. दुसऱ्या मोहोराचा आंबा आहे, तो उशिरा, मेच्या सुमारास येईल आणि नेहमीपेक्षा कमी येईल. जुन्या मंडळींना आधी देऊ.' एवढ्या चार ओळी. माल कमी असला की आपणच दबून बोलतो. वास्तविक त्याच वर्षी आधी सांगून ठेवलेले गिऱ्हाईक उपयोगी पडते. फवारणीबद्दलही असेच. औषध मारले असेल तर मारले म्हणावे, काढणीच्या किती दिवस आधी थांबवले तेही सांगावे. 'सेंद्रिय' हा शब्द प्रमाणपत्र हाती असेल तरच वापरावा. आजकाल तो फार स्वस्त झाला आहे.

साक्याविषयी मार्चातच बोलून ठेवावे. फळ बाहेरून निर्दोष दिसते आणि कापल्यावर आत पांढुरके, आंबट निघते. गिऱ्हाइकाला वाटते फसवले. त्याला समजावून सांगावे की हा हापूसच्या जातीतलाच दोष आहे, चौदा आणे तयारीचे फळ काढले आणि बागेत जमिनीवर गवताचे आच्छादन ठेवले तर तो कमी होतो, पण पुरता जात नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 1981 साली नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' ही जात दिली, तिच्यात साका नसतो. पण लोकांना हापूसच हवा, त्याला इलाज नाही. साक्याचे फळ निघाले तर कापलेल्या फळाचे चित्र पाठवा, बदली फळ किंवा पैसे देऊ, हे भावाच्या वर लिहावे, खाली बारीक अक्षरांत नव्हे.

हंगामात नवे काही सुचवायची गरज नाही. झेल्याने देठासकट काढलेले फळ, चीक सालीवर न पडू देण्याची खबरदारी, पेंढ्यातली अढी, हे सारे दाखवावे. कार्बाईडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा अढी दाखवणे हीच मोठी जाहिरात. पेटी घरी पोचल्यावर फळ फ्रिजमध्ये न टाकता किती दिवस कसे ठेवायचे, हे प्रत्येक पेटीबरोबर कळवावे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया या दोन दिवसांसाठी मागणी पंधरा दिवस आधी लिहून घ्यावी, आणि जेवढी फळे झाडावर मोजली तेवढाच शब्द द्यावा. याच दोन महिन्यांत जास्तीची चित्रे काढून ठेवावीत, जुलैत कामी येतात. मात्र मागच्या सालचे चित्र असेल तर खाली साल लिहावे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पेटीवर चिकटवलेला गिऱ्हाइकाचा पत्ता चित्रात येऊ देऊ नये. आणि हंगामात 'पन्नास पेट्या हव्यात, आगाऊ पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असे फोन येतात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. तो टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फोन घरात कोणाच्याही हाती असो, सुनेच्या, मुलाच्या किंवा आजोबांच्या, प्रत्येकाला हे ठाऊक हवे.

आणि हे काम एकाच माणसाच्या गळ्यात घालू नये. चित्र बागेत असणाऱ्याने काढावे, लिहिणे घरात ज्याला साधते त्याने करावे, वही बहुधा बायकांच्या हाती चोख राहते. मेअखेरीस पाऊस जवळ आला, फळमाशीच्या भीतीने शेवटची तोड घाईने उरकली, की रिकाम्या झाडाचेही एक चित्र टाकावे आणि लिहावे: 'यंदाचा आंबा संपला. पुढच्या आठवड्यापासून आमसुले.'