केसतूड, नाडीव्रण आणि संकोच

केस तुटून त्याच्या मुळाशी जो फोड उठतो, त्याला मराठीत केसतूड म्हणतात. माकडहाडाजवळ, नितंबांमधल्या खाचेत येणाऱ्या गळवालाही आपल्याकडे सर्रास हेच नाव दिले जाते. गळू फुटते, पू वाहतो, दुखणे थांबते आणि विषय संपतो. काही महिन्यांनी तिथेच पुन्हा गाठ येते. तोवर त्वचेखाली एक नळी तयार झालेली असते आणि तिच्यात बहुधा केसांचा पुंजका सापडतो. हाच ‘पायलोनिडल सायनस’. लॅटिनमध्ये ‘पायलस’ म्हणजे केस आणि ‘नायडस’ म्हणजे घरटे. हे नाव हॉजेस या डॉक्टरांनी १८८० साली दिले.

हा दोष जन्मजात असतो, असे वैद्यक बराच काळ मानत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सुमारे ८० हजार सैनिकांना यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेव्हा त्याला ‘जीपचा आजार’ असेही नाव पडले. केशकर्तन करणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यात गिऱ्हाइकांचे केस रुतून असाच व्रण होतो, हेही दिसून आले. सुटे केस घर्षणाने त्वचेत शिरतात, हे मत त्यातून बळावले. पौगंडावस्थेत केस दाट होतात, घाम वाढतो आणि बसणेही वाढते. म्हणून हा आजार बहुतेक करून याच वयात सुरू होतो आणि मुलग्यांत अधिक दिसतो. तो अस्वच्छतेचे किंवा वाईट सवयींचे फळ नव्हे, हे घरच्यांनी आधी समजून घ्यावे.

सुश्रुताने नाडीव्रणाचे कारण नेमके सांगितले आहे : पिकलेल्या गळवाकडे दुर्लक्ष झाले, की पू आत वाट काढतो आणि नळीसारखा वाहू लागतो. शाहूवाडीसारख्या तालुक्यात या दुर्लक्षाला पुष्कळ वाव आहे. आंबा घाटाकडचा पाऊस, दिवसचे दिवस न वाळणारे कपडे, मलकापूर-बांबवड्याच्या शाळा-कॉलेजांपर्यंतचा एसटी प्रवास आणि दहावी-बारावीचे वर्ष. त्यात दुखणे अशा जागी, की आईला दाखवायचीही लाज वाटते.

शस्त्रक्रियेनंतर खरी कसोटी लागते. जखम टाके घालून बंद केली, तर ती लवकर भरते. मात्र टाके अगदी मध्यरेषेवर असतील, तर दुखणे उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून अनेक शल्यविशारद शेजारची त्वचा सरकवून टाके एका बाजूला घेतात. जखम उघडी ठेवली, तर भरायला कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. ती तळापासून लालसर, दाणेदार मांसांकुरांनी भरत वर यायला हवी. वरची कातडी आधी जुळली आणि खाली पोकळी राहिली, तर बरे झाल्याचा केवळ भास होतो. ड्रेसिंग नियमित बदलायचे ते यासाठी.

घरी करायचे काम साधे आहे. सातत्य मात्र लागते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रोज, आणि शौचानंतर प्रत्येक वेळी, स्वच्छ कोमट पाण्याची हलकी धार सोडून जागा धुवावी. न्हाणीत तांब्याने पाणी ओतले तरी चालते. मग स्वच्छ मऊ कापडाने टिपून कोरडी करावी, घासू नये. ड्रेसिंगपूर्वी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. हळद, राख, झाडपाल्याचा लगदा यांपैकी काहीही जखमेत भरू नये. ओढ्यात-विहिरीत पोहणे टाळावे. सुती अंतर्वस्त्र रोज बदलावे. पावसाळ्यात ते इस्त्री करून वाळवावे. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. उकिडवे बसणे, सायकल किंवा मोटारसायकल कधी सुरू करायची, ते डॉक्टरांना विचारावे. थोडा फिकट स्राव स्वाभाविक आहे. पण ताप, दुर्गंधी, पू, वाढती वेदना किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसला, तर लगेच दाखवावे. ड्रेसिंगची सोय जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून ठेवले, तर कोल्हापूरच्या खेपा वाचू शकतात.

जखम भरली तरी केसांकडे लक्ष ठेवावेच लागते. अमेरिकेतील पाच बालरुग्णालयांत ११ ते २१ वर्षांच्या ३०२ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना लेझरने केस काढण्याची जोड दिलेल्यांत वर्षभरात सुमारे १० टक्क्यांना दुखणे उलटले. इतरांत सुमारे ३४ टक्क्यांना. लेझर आपल्याकडे महाग पडते. मग केस कसे आणि किती दिवसांनी काढायचे, हे डॉक्टरांकडून समजून घ्यावे. आंघोळीनंतर पाठीवरचे आणि खाचेतले सुटे केस धुऊन काढणे तर फुकटच आहे.

व्रणी माणसाने नखे-केस बारीक ठेवावेत, शुचिर्भूत राहावे, स्वच्छ पांढरी वस्त्रे नेसावीत, असे सुश्रुत सांगतो. त्याच अध्यायात त्याने मित्रांचाही उल्लेख केला आहे : त्यांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात, त्याने व्रणाची वेदना हलकी होते. आपल्याकडचा सोळा वर्षांचा मुलगा नेमका मित्रांपासूनच हे दुखणे लपवतो. वर्गात एका कुशीवर बसतो, खेळाच्या तासाला दांडी मारतो. त्याला ‘काय होतंय रे?’ असे घरात कुणीतरी न हसता विचारले, तर पहिल्याच गळवाच्या वेळी तो डॉक्टरांपर्यंत पोहोचू शकतो.