बादशहाचा स्वभाव नको, हिशेब वाचा

एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या पुस्तकात बाबर क्रूर ठरला, अकबर क्रूर आणि सहिष्णू असा दोन्ही ठरला, आणि वाहिन्यांवर दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडल्या. त्याआधी खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून महाराष्ट्र तापला होता. पानिपत, हळदीघाट, ताजमहाल सगळ्यांना पाठ आहे, ते इथे उगाळत नाही. वाईट वाटतं ते याचं, की या गदारोळात बादशहांच्या स्वभावाची उलटतपासणी होते आणि त्यांच्या दफ्तराकडे कोणी फिरकत नाही. मुघल सत्ता वाढली ती पगार वेळेवर पोचवू शकली म्हणून, आणि ढासळली तीही तिथेच.

अकबरानं प्रत्येक सरदाराला मनसब दिली. त्या आकड्यावरून त्याचं वेतन आणि त्यानं बाळगायचे घोडेस्वार ठरत. वेतन बहुतेकांना रोख मिळत नसे. तेवढ्या उत्पन्नाचे परगणे जहागीर म्हणून लावून दिले जात, आणि कोणी एका जागी मूळ धरू नये म्हणून तीन-चार वर्षांत बदलले जात. १५८० च्या सुमारास तोडरमलनं दहा वर्षांच्या पिकांची आणि भावांची सरासरी काढून सारा बांधला. तुराणी, इराणी, राजपूत एकाच दफ्तराकडे बघत लढले, याचं श्रेय मी कोणाच्या औदार्यापेक्षा या मोजणीला देईन.

दख्खनमध्ये मात्र कागदावरची जमा आणि हाती येणारा वसूल यांची फारकत शाहजहानच्या काळातच झाली होती. वर्षाच्या वेतनापोटी मिळालेली जहागीर जेमतेम चार महिन्यांचा पैसा देई. अशा मुलखात औरंगजेब १६८१ मध्ये उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत परत गेला नाही. १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा पडलं. तिथले सरदार आपल्याकडे वळवायचे तर त्यांना मनसबी द्याव्या लागल्या, फुटून येणाऱ्या मराठ्यांनाही. इतिहासकार अतहर अली यांनी हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांची मोजदाद केली आहे. १६५८ ते १६७८ या काळात ते ४८६ होते, त्यांत मराठे २७. १६७९ ते १७०७ मध्ये ते ५७५ झाले आणि मराठे ९६. मागणारे वाढले, द्यायला वसूल होणारी जमीन उरेना. आठवीच्या पुस्तकात हा तक्ता हवा होता.

हे आकडे बोलू लागतात ते भीमसेन सक्सेनामुळे. हा बुऱ्हाणपूरचा कायस्थ, जन्म १६४९. दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून त्यानं जिंजीपर्यंतच्या मोहिमा पाहिल्या. त्याच्या ‘तारीख-ए-दिलकुशा’ या फारसी आठवणींचं इंग्रजी भाषांतर महाराष्ट्राच्या पुराभिलेख खात्यानं १९७२ मध्ये वि. गो. खोबरेकरांच्या संपादनाखाली छापलं. भीमसेन सांगतो की दरबारातले कारकून कधी बदली करतील याचा नेम नाही, म्हणून जहागीरदाराला पुढच्या सालाची आशाच नसे. तो आमिलाकडून, म्हणजे वसुलदाराकडून, आगाऊ रक्कम घेऊन त्याला गावात धाडी. आपल्यामागून जास्त रक्कम भरलेला दुसरा आमिल येतोय, या धास्तीनं पहिला रयतेला पिळून काढी. मग रयत शेत टाकी, हत्यार उचली आणि मराठ्यांना मिळे. हे लिहिणारा मुघलांच्याच सैन्यातला माणूस आहे, म्हणून त्याची साक्ष मला शंभर बखरींहून मोलाची वाटते.

जमिनीच्या टंचाईच्या या स्पष्टीकरणाला हरकत घेणारेही आहेत. इतिहासकार जॉन रिचर्ड्स म्हणतात की गोवळकोंड्याची सुपीक जमीन औरंगजेबानं खालसात, म्हणजे थेट सरकारी वसुलीखाली, ठेवून युद्धावर लावली, म्हणजे टंचाई बरीचशी त्यानं स्वतःच ओढवून घेतली. मला यानं मूळ मुद्दा पक्काच झालेला दिसतो. पैसा किल्ल्यांमागे गेला, आणि बरेच किल्ले तर लढून नव्हे, किल्लेदाराला रक्कम मोजून घ्यावे लागले. इकडे छत्रपती राजारामाच्या कारभाऱ्यांनी देशमुखांना वतनं देऊ केली. दर चार वर्षांनी हलणारी जहागीर आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारं वतन यांत माणूस काय निवडेल?

पुढचं भराभर घडलं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतला. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामानं बादशाही सुभेदार मुबारिजखानाला मारून दख्खन आपल्याकडे घेतलं. १७३९ मध्ये नादिरशहानं उरलासुरला खजिना नेला. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं बंगालची दिवाणी घेताना बादशहा शाह आलमला वर्षाला २६ लाख रुपये कबूल केले. तो १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या आधारानं दिल्लीला परतल्यावर वॉरन हेस्टिंग्जनं तेही थांबवले.